उन्हाची किंमत

'हवापालट' हा शब्द आता आपल्या बोलण्यातून मागे पडला आहे. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला पूर्वी डॉक्टर औषधाच्या जोडीने हवापालट सुचवीत, आणि ज्यांची ऐपत असे अशी मुंबईची कुटुंबे महिना-दोन महिने खंडाळा-लोणावळ्याला येऊन राहत. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर आली, आणि त्यानंतर ही दोन्ही गावे पुष्कळशी या एका शब्दाच्या आधाराने वाढली. त्या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली असे. पालटायची ती हवा. घर जिथल्या तिथेच राहायचे. प्रकृती सुधारली की माणूस आपल्या कामाला, आपल्या माणसांत परत जात असे.

आज लोणावळ्यापासून तळेगाव-देहूरोडपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांतील काही तरुण कुटुंबे जी हवा पालटू पाहत आहेत, तिला परतीची तारीख नाही. हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत पतिपत्नी दोघेही नोकरीस आहेत, तळेगावला स्वतःचा फ्लॅट आहे, दाराशी मोटार आहे, मूल चांगल्या शाळेत जात आहे. आणि तरीही कॅलिफोर्नियाला जायचे आहे. का जायचे, या प्रश्नाला मागील पिढीचे उत्तर एका शब्दाचे होते: पोटासाठी. आता उत्तर येते ते 'लाइफस्टाइल' या इंग्रजी शब्दात. तिकडे वर्षभर ऊन असते, समुद्र जवळ, हवा स्वच्छ, रस्त्यावर शिस्त, मुलांना मोकळे अंगण. महाग आहे, हे त्यांनाही ठाऊक असते. पण चांगली वस्तू महागच असायची, असे ते म्हणतात.

मग एके दिवशी आईवडील धर्मगुरूंकडे येतात आणि विचारतात, "फादर, जाऊ द्यावे का?" काही दिवसांनी मुलगा-सूनही येतात आणि विचारतात, "फादर, यात काही चूक आहे का?" पहिला प्रश्न मायेचा आहे आणि त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरात शोधावयाचे आहे. दुसरा प्रश्न नीतीचा आहे. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

उन्हाची ओढ ही काही उपहासाची गोष्ट नव्हे. निदान लोणावळ्याच्या माणसाने तरी तिला हसू नये. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेथे कोसळतो, जेथे श्रावण संपला तरी दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी चढते आणि म्हाताऱ्या माणसांचे सांधे धरतात, तेथे चार दिवस सलग ऊन पडले तर घरोघरी अंथरुणे बाहेर येतात. त्याच पावसात भिजण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे भुशी धरणावर गर्दी करतात. ज्याला जे नित्य लाभत नाही त्याची त्याला ओढ असते. देहाला ऊब हवी, डोळ्यांना आकाश हवे, लेकरांना खेळायला जागा हवी, या इच्छा देवानेच देहाबरोबर दिलेल्या आहेत.

देश सोडून जाणे हेही पाप नव्हे. ज्याला आपण विश्वासाचा पिता मानतो तो आब्राहाम आपला देश सोडूनच निघाला होता. पवित्र कुटुंबाला हेरोदाच्या भयाने मिसर देशात आश्रय घ्यावा लागला. आणि १९५२ साली पोप बारावे पायस यांनी देशांतर करणाऱ्यांविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात नाझरेथच्या त्या परागंदा कुटुंबालाच साऱ्या स्थलांतरितांचा आदर्श ठरविले. १९६३ साली पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेरिस' या विश्वपत्रात परदेशी जाऊन तेथे वास्तव्य करण्याचा माणसाचा हक्क मान्य केला. मात्र तो मान्य करताना, त्यासाठी योग्य कारण असावे, अशी अट त्यांनी घातली.

सारी मेख या 'योग्य कारणा'त आहे. भूक हे योग्य कारण आहे. भय हेही योग्य कारण आहे. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखाती देशांत बांधकामे उभी राहू लागली, तेव्हा गोव्यातून, वसईतून, कोकणातून हजारो माणसे बायकामुलांना मागे ठेवून तिकडे गेली. त्या उन्हाला कोणी सुखाचे म्हटले नाही. त्या माणसांनी धाडलेल्या पैशांतून इकडे घरावर कौलांच्या जागी स्लॅब आला, बहिणींची लग्ने झाली, भाऊ शिकले. त्यांच्या जाण्याच्या योग्यतेविषयी कोणाला शंका येऊ नये. पण ज्याच्या घरी पोटभर अन्न आहे, डोक्यावर छप्पर आहे आणि जिवाला भय नाही, त्याने केवळ अधिक चांगल्या राहणीमानासाठी देश सोडावा, हे योग्य कारण आहे काय?

घाईने 'नाही' म्हणणे सोपे आहे. मीही तसे म्हणणार नाही. आधी ज्या प्रदेशाविषयी आपण बोलत आहोत, तो नीट पाहू या.

कॅलिफोर्नियातील ज्या खोऱ्यात आज आपली मुले जातात, त्याला जग सिलिकॉन व्हॅली म्हणते. पण त्याचे जुने नाव सँटा क्लारा खोरे. अगदी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांच्या फळबागा होत्या. पुढे संगणकाच्या सूक्ष्म भागांचे कारखाने आले, बागा तोडल्या गेल्या, आणि त्या सुपीक मातीवर कचेऱ्या व घरे उभी राहिली. मावळच्या वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. आपल्याकडे भाताची खाचरे होती, तेथे फळझाडे होती, एवढाच फरक.

त्या प्रदेशातील गावांची नावेही आपल्या कानांना परकी वाटू नयेत. अठराव्या शतकात स्पेनच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तेथे मिशनकेंद्रे स्थापिली. १७७६ साली असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचे, १७७७ साली संत क्लाराच्या नावाचे. आणि त्याच वर्षी संत योसेफाच्या नावाने सॅन होजे हे गाव वसले. ज्याने बापाची सारी दौलत, अंगावरचे वस्त्रसुद्धा, परत केली तो फ्रान्सिस. जिने मालमत्ता न बाळगण्याचा अधिकार पोप महोदयांकडून मागून घेतला ती क्लारा. आणि हातावर पोट असलेला सुतार योसेफ. आज या तीन गरिबांच्या नावांची शहरे पृथ्वीवरील अतिशय महाग शहरांत मोडतात. सँटा क्लारा परगण्यात मध्यम प्रतीच्या स्वतंत्र घराला पंधरा लाख डॉलरहून अधिक मोजावे लागतात. म्हणजे बारा कोटी रुपयांच्या पुढे. २०१८ साली सॅन फ्रान्सिस्को व लगतच्या परगण्यांत १,१७,४०० डॉलर वार्षिक उत्पन्न असलेले चौघांचे कुटुंब सरकारी मोजमापाप्रमाणे 'अल्प उत्पन्न' गटात धरले गेले होते.

इकडे बसून आपण पगाराला रुपयांनी गुणतो. तिकडे खर्च मात्र डॉलरमध्येच होतो. घरभाडे, पाळणाघर, विमा, मोटार यांत पगाराचा मोठा वाटा जातो, आणि पतिपत्नी दोघांनी कमावल्याखेरीज संसार उभा राहणे कठीण होते. ज्या मोकळ्या अंगणासाठी जायचे ते अंगण कित्येक वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांच्या खिडकीतून दिसत राहते.

शिवाय त्या उन्हाखाली राहण्याची परवानगीही उसनी असते. आपली मुले बहुधा ज्या एच-वन-बी परवान्यावर जातात तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्याच अवधीत दुसरी शोधावी लागते, अन्यथा देश सोडावा लागतो. कायमच्या वास्तव्याचे जे परवाने नोकरीच्या आधारे मिळतात, त्यांत कोणत्याही एका देशाच्या लोकांना वर्षाला सुमारे सात टक्क्यांचीच मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक लांबते. तोवर मूल एकवीस वर्षांचे झाले तर आईबापांच्या परवान्यावरचा त्याचा हक्क संपतो. ज्या देशात ते वाढले त्याच देशात ते परके ठरते. नोकरदाराच्या जोडीदाराला तर २०१५ पूर्वी या परवान्यावर कामच करता येत नसे, आणि आजही सर्वांना करता येत नाही. उच्चविद्याविभूषित स्त्रिया घरात बसून राहिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादण्याची घोषणा झाली, तेव्हा अनेक घरांतील बेत एका रात्रीत कोलमडले.

आणि ज्या उन्हाची ओढ, त्या उन्हालाही दुसरी बाजू आहे. कोरडी हवा आणि वाळलेले डोंगर यांमुळे तेथे वणवे पेटतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव जळून गेले आणि त्या वणव्यात पंच्याऐंशी माणसे मृत्युमुखी पडली. पॅरडाइज म्हणजे नंदनवन. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात हजारो घरे भस्मसात झाली. पृथ्वीवर जो प्रदेश सुखाचा म्हणून आपण निवडतो तोही पृथ्वीचाच भाग असतो, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

हे सारे जाणूनही माणसे जातात. त्याअर्थी आकर्षण केवळ उन्हाचे नसावे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद आम्हाला शिकविला जात असे. माणसाचे खरे सुख संपत्तीत असू शकते काय, याची चर्चा करताना ते संपत्तीचे दोन प्रकार मानतात. अन्न, वस्त्र, निवारा ही नैसर्गिक संपत्ती. तिची इच्छा मर्यादित असते, कारण निसर्गाची गरज भागली की ती शमते. पैसा ही माणसाने निर्माण केलेली कृत्रिम संपत्ती. तिच्या इच्छेला सीमा नसते, कारण तिचे माप देहाकडे नसून मनाकडे असते.

या भेदाने आपला प्रश्न बराच उलगडतो. ऊन ही नैसर्गिक संपत्ती आहे. तासभर उन्हात बसले की माणूस सावली शोधतो. देह म्हणतो, पुरे. परंतु 'आमचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो' हे वाक्य, विशिष्ट वस्तीतील पत्ता, समाजमाध्यमांवर टाकावयाची समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे, यांना 'पुरे' असे कोणी म्हणत नाही. त्यांचे माप शेजाऱ्याच्या डोळ्यांत असते. म्हणून जाणाऱ्याने प्रथम स्वतःलाच विचारावे: मला हवे आहे ते ऊन, की उन्हात उभे असलेले माझे चित्र? पहिल्यासाठी मोजलेली किंमत परवडू शकते. दुसऱ्याची किंमत कधीच फिटत नाही.

इथवर झाला तो जाणाऱ्याच्या स्वतःच्या हिशेबाचा विचार. पण नीतीचा प्रश्न तेथे संपत नाही, कारण उन्हाची किंमत जाणारा एकटा मोजत नसतो. हे मावळच्या लोकांना कोणी शिकवावयास नको. दुसऱ्यांच्या राहणीमानासाठी निवडलेल्या गावात आपण स्वतःच राहत आहोत.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईकराला लोणावळा दोन तासांवर आले. तुंगार्ली, वळवण, कुणे, पवना धरणाचा काठ, जेथे दृष्टी जाईल तेथे बंगले उठले. या बंगल्यांकडे सोमवारी संध्याकाळी पाहावे. रांगेने दिवे विझलेले असतात. फाटकाशी एका खोलीत राखणदाराचे कुटुंब तेवढे जागे असते. काही ठिकाणी तो राखणदार त्याच जमिनीचा जुना मालक असतो. त्याच्या बापाने तेथे भात लावला होता. याने गुंठ्यांनी जमीन विकली, आलेल्या पैशांत मोटार घेतली, लग्ने उरकली, आणि सातबाऱ्यावरून नाव गेल्यावर तिथेच पगारावर राहिला. विकत घेणाऱ्याने काही फसवणूक केली असेलच असे नाही. त्याने बाजारभावाने पैसे मोजले, त्याच्या मनात कोणाचे वाईट नव्हते. त्याला फक्त आठवड्यातून दोन दिवस चांगली हवा हवी होती. तरीही परिणाम असा झाला की लोणावळ्यात जन्मलेल्या शिक्षकाला, परिचारिकेला, चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्याला लोणावळ्यात घर घेणे परवडेना.

आता हीच दृष्टी घेऊन सँटा क्लाराकडे पाहावे. तेथेही शाळांत शिकविणारे, रुग्णालयांत सेवा करणारे, आग विझविणारे लोक घरांच्या किमतींमुळे दूरच्या खोऱ्यांत राहतात आणि पहाटे उठून दीड-दोन तासांचा प्रवास करून कामाला येतात. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारगाड्यांतच काही कुटुंबे राहतात. २०२४ च्या गणनेत कॅलिफोर्निया राज्यात एक लाख ऐंशी हजारांहून अधिक माणसे बेघर आढळली. न्यायाने बोलावयाचे तर या महागाईला केवळ बाहेरून येणारेच जबाबदार नाहीत. आपल्या वस्तीत नवी, दाटीची घरे बांधू देण्यास जुन्या घरमालकांनी आणि नगरपालिकांनी वर्षानुवर्षे केलेला विरोधही तितकाच कारणीभूत आहे. शिवाय ज्या ओलोनी लोकांची ती भूमी होती, त्यांना तर पहिल्या मिशनकेंद्रांच्या काळापासूनच ती गमवावी लागली, हेही आपण विसरू नये. तात्पर्य इतकेच, की सुखाचा प्रदेश रिकामा कधीच नसतो. आपण तेथे पोचण्यापूर्वी कोणीतरी तेथे राहत असते, आणि आपल्या येण्याने त्याचे काहीतरी होत असते.

येथे माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. नव्या ठिकाणी माणूस दोन प्रकारे राहू शकतो: गिऱ्हाईक म्हणून किंवा शेजारी म्हणून. गिऱ्हाईक हवा, दृश्य आणि सोयी विकत घेतो. पैसे दिले की त्याच्या मते त्याचे कर्तव्य संपते. शेजाऱ्याचे तसे नसते. त्याला शेजारच्या घरातील आजार माहीत असतो, गावच्या पाण्याची चिंता असते, आणि तो गेला तर कोणालातरी त्याची उणीव भासते. चांगल्या राहणीमानासाठी केलेले देशांतर योग्य की अयोग्य, हे जाण्यात ठरत नाही. जेथे जायचे तेथे शेजारी होण्याची मनाची तयारी आहे की नाही, यावर ते ठरते.

याची साक्ष आपल्याच मावळात दगडावर कोरलेली आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत धेनुकाकट नावाच्या वसाहतीत राहणारे काही 'यवन' आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी, बहुधा ग्रीक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते या देशात आले ते काही वैराग्याने आले नसावेत; व्यापारात नफा होता, म्हणूनच आले असावेत. पण येथे राहून त्यांतील कित्येकांनी येथल्या धाटणीची नावे घेतली आणि दुसऱ्यांच्या उपासनास्थानात एकेक खांब दान केला. आज त्यांचा नफा कोणालाही माहीत नाही. खांब उभे आहेत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचेही उदाहरण घेता येईल. थंड, ढगाळ इंग्लंडमधून १५७९ साली ते गोव्याच्या उन्हात आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांनी लोकांची भाषा इतकी आपलीशी केली की १६१६ साली छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा भाग झाले. आणि अगदी आपल्या लोणावळ्यात, गुजरातेत जन्मलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी आयुष्य वेचले. तेही बाहेरूनच आले होते. त्यांचे दिवे सोमवारी विझत नव्हते.

तेव्हा जाणाऱ्या कुटुंबांना सांगावेसे वाटते, की तिकडे शेजारी होण्यास वाव पुष्कळ आहे. इकडे ज्यांनी कधी स्वतःचे ताट उचलले नाही ते तिकडे भांडी घासतात, कचरा वेगळा करतात, रांगेत उभे राहतात. श्रमाची ही प्रतिष्ठा आपल्यालाही शिकण्यासारखी आहे. १९८१ साली स्थापन झालेले उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि गावोगावची महाराष्ट्र मंडळे यांच्या आधाराने पालक सुटीच्या दिवशी मुलांना मराठी शिकवितात, तेही कोणत्याही वेतनाविना. मात्र मराठी कॅथलिक कुटुंबाची अवस्था तेथे थोडी अवघड होते. मंडळात मराठी असते, पण सण बहुधा दुसऱ्यांचे. चर्चमध्ये सण आपले असतात, पण मिस्सा इंग्रजी, स्पॅनिश किंवा व्हिएतनामी भाषेत. या दोहोंच्या मधल्या फटीतून मूल एका पिढीत निसटते, आणि मग सुटीत लोणावळ्याला आल्यावर आजी ज्या भाषेत माळेची प्रार्थना करते ती त्याला कळत नाही. हे टाळायचे असेल तर घरातच मराठी बोलावी लागेल, आणि थकून आल्यावरही बोलावी लागेल.

काहींना वाटते की परदेशी गेले म्हणजे इकडची जात तरी मागे राहील. आपल्यापैकी ज्यांच्या पूर्वजांनी तो अपमान सोसला आहे, त्यांची ही आशा मी समजू शकतो. पण २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्याच एका खात्याने भारतीय वरिष्ठांकडून झालेल्या जातिभेदाच्या आरोपावरून एका मोठ्या कंपनीवर दावा दाखल केला; आणि २०२३ साली जातिभेदास मनाई करणारे विधेयक विधिमंडळाने संमत करूनही राज्यपालांनी ते नाकारले. हवा पालटली म्हणून स्वभाव पालटत नाही. आपण जे मनात घेऊन जातो तेच तेथेही उतरवून ठेवतो. म्हणून सामान बांधताना तेही एकदा तपासून पाहावे.

आता मागे राहणाऱ्यांविषयी. आपल्या भागात दोन मजली घरात एकटी राहणारी वृद्ध जोडपी वाढत आहेत. त्यांच्या खात्यात पैसे येतात, दर रविवारी पडद्यावर नातवंडे दिसतात, औषधेही घरपोच येतात. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. परंतु रात्री छातीत कळ आली असता दार उघडून आत येणारे माणूस कोणत्याही कायद्याने मागता येत नाही. २०२० च्या मार्च महिन्यात विमाने थांबली तेव्हा परदेशातील कित्येक मुलांनी आईबापांची अंतिम मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. तो काळ विलक्षण होता, हे खरे. पण अंतर म्हणजे काय असते, हे त्याने सर्वांना दाखविले. यावर उपाय म्हणून मुलांना अश्रूंनी बांधून ठेवावे, असे मात्र नव्हे. आणि याच्या उलट, आपल्या प्रतिष्ठेसाठी त्यांना परदेशी ढकलणेही बरे नव्हे. दोन्ही प्रकार आपल्या घरांत घडतात, आणि दोन्हींत मूल हे साधन ठरते.

धर्मग्रामाचेही येथे कर्तव्य आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या स्थलांतरितदिनाच्या संदेशात, जायचे की राहायचे हे निवडण्याचे स्वातंत्र्य माणसाला असावे, असा विषय मांडला होता. राहण्याचे स्वातंत्र्य म्हणजे, राहावेसे वाटेल असे गाव असणे. तरुण जी कारणे सांगतात, स्वच्छ हवा, पायी चालण्यासारखा रस्ता, रात्री निर्धास्त फिरणारी मुलगी, ओळखीवाचून होणारे सरकारी काम, त्यांतील एकही गोष्ट केवळ कॅलिफोर्नियाच्या मातीतच उगवते असे नाही. इंद्रायणीचे पाणी घाण झाले, टेकड्या फोडल्या गेल्या, तेव्हा आपण गप्प राहिलो, आणि मग मुले निघाली म्हणून रडलो, तर तो विलाप अर्धाच खरा.

जे अजून निर्णयाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे पतिपत्नींनी मिळून, शक्य तर कागदावर, लिहावीत. पहिला: 'चांगले' आणि 'लाइफस्टाइल' हे शब्द न वापरता, आपल्याला नेमके काय हवे आहे? दुसरा: आपल्याखेरीज त्याची किंमत कोण मोजणार आहे, मूल, आईवडील, की तेथे आधीपासून राहणारे कोणी? तिसरा: तेथे आपण कोणाच्या उपयोगी पडणार आहोत? पहिल्या दोहोंची उत्तरे प्रामाणिक असतील आणि तिसऱ्याचे उत्तर कोरे नसेल, तर निर्भयपणे जावे. जाणाऱ्यांना निरोप देताना आम्ही आशीर्वाद देऊ, आणि त्यांच्या आईवडिलांकडे कोणी रोज डोकावायचे हेही त्याच दिवशी धर्मग्रामात ठरवून घेऊ.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले, तर मात्र थोडे थांबावे, आणि तोच प्रश्न तळेगावच्या किंवा लोणावळ्याच्या आपल्या गल्लीविषयी विचारून पाहावा. ज्याला इथे शेजारी माहीत नाही, त्याला तिथे तो सापडणे कठीण आहे.